जपानी दरबारांतील काळा सुगंध

इसवी सन ५९५ मध्यें जपानच्या आवाजी नांवाच्या बेटावर समुद्राच्या लाटांनीं एक मोठें लाकूड आणून टाकलें. बेटावरील लोकांना तें वाहून आलेल्या इतर लाकडांसारखेंच वाटलें. त्यांनीं तें घरीं नेलें आणि सरपणाबरोबर चुलींत घातलें. तोंच धुराबरोबर असा परिमळ दूरवर पसरला कीं, ते साधेभोळे लोक चकित होऊन गेले. त्यांनीं लाकूड बाहेर ओढून विझविलें आणि एक नवल म्हणून राजदरबारीं नेऊन दिलें. त्या वेळीं सुइको नांवाची सम्राज्ञी राज्य करीत होती. ७२० मध्यें पुऱ्या झालेल्या 'निहोन शोकी' या जपानच्या जुन्या बखरींत ही हकीकत नोंदलेली आहे. तें लाकूड अगरूचें होतें.

प्रसंग लहानसा आहे. पण सुगंधाच्या इतिहासांत त्याला महत्त्व आहे. ज्या देशांत अगरूचें झाड मुळींच उगवत नाहीं, त्या देशानें पुढील चारशें वर्षांत या काळ्या लाकडापासून एक कला निर्माण केली. या कलेंत पुरुषाचा सुगंध निराळा आणि स्त्रीचा निराळा, असा भेद नव्हता. सुगंध होता तो त्या त्या व्यक्तीचा. वस्त्राच्या सुगंधावरून माणसाचा स्वभाव ओळखण्याचा प्रयत्न तेथील लोकांनीं मोठ्या निष्ठेनें केला. आणि हा प्रयत्न कोठपर्यंत सफल होतो व कोठें फसतो, हेंही त्यांच्यांतीलच एका लेखिकेनें दाखवून ठेविलें आहे.

प्रथम या लाकडाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. अगरूचें झाड आसामपासून हिंदी चीन, मलाया व सुमात्रा येथपर्यंतच्या दमट अरण्यांत वाढतें. निरोगी झाडाचें लाकूड फिकट, हलकें आणि बिनवासाचें असतें. परंतु खोडाला जखम झाली, किड्यानें तें पोखरलें आणि त्या वाटेनें बुरशी आंत शिरली, म्हणजे झाड स्वसंरक्षणार्थ एक राळ निर्माण करूं लागतें. ही राळ वर्षानुवर्षें लाकडांत मुरत जाते. लाकूड काळसर होतें, जड होतें, आणि उत्तम प्रतीचें असल्यास पाण्यांत टाकतांच बुडतें. चिनी व जपानी भाषांत अगरूला जें नांव आहे, त्याचा अर्थच 'बुडणारा सुगंध' असा आहे. संस्कृत कवींनीं त्याला कालागुरु व कृष्णागुरु म्हटलें. अरबी भाषेंत त्याला ऊद म्हणतात. मराठींत हा शब्द आला खरा, पण तो निराळ्याच एका राळेला चिकटला. अगरूचें नांव मात्र अगरबत्तींत राहून गेलें. जखमेवांचून हा सुगंध जन्मत नाहीं, एवढी गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

सहाव्या शतकांत बौद्ध धर्म कोरियाच्या वाटेनें जपानांत पोंचला आणि त्याच्याबरोबर देवापुढें धूप जाळण्याची हिंदुस्थानांतील चाल तेथें गेली. ७५४ मध्यें गांजिन नांवाचा चिनी भिक्षु नारा या तत्कालीन राजधानींत आला. समुद्र ओलांडण्याचे त्याचे पांच प्रयत्न फसले होते आणि त्या खटपटींत त्याची दृष्टि गेली होती. त्याच्या प्रवासवृत्तांतांत एका खेपेच्या सामानाची यादी दिली आहे. तींत कस्तुरी, अगरू, कापूर, जटामांसी अशीं द्रव्यें आढळतात. द्रव्यांचें चूर्ण करून तीं एकमेकांत मिसळण्याची विद्या या अंध भिक्षूनेंच जपानला शिकविली, अशी तिकडे परंपरा आहे.

७९४ मध्यें राजधानी हेइआन-क्यो येथें, म्हणजे आजच्या क्योतो शहरीं, गेली. पुढील दोन शतकांत धूप देवघरांतून निघून दिवाणखान्यांत आणि वस्त्रागारांत आला. याचें कारण समजण्यास त्या काळचे वाडे डोळ्यांपुढें आणले पाहिजेत. वाडे लाकडी, छपरें पुढें आलेलीं, आंत भिंती थोड्या व पडदे फार, आणि रात्रीं तेलाच्या दिव्याचा मंद उजेड. कुलीन स्त्रिया चिकाच्या व कनातीच्या आड बसत. परपुरुषास त्यांचें मुखदर्शन होत नसे. पुरुषानें स्त्रीला ओळखावें तें तिच्या हस्ताक्षरावरून, कवितेवरून, पडद्याखालून दिसणाऱ्या बाहीच्या रंगसंगतीवरून आणि तिच्या वस्त्रांच्या सुगंधावरून. स्त्रीलाही अंधारांत आलेला पुरुष ओळखावयाचा तो बहुधा याच खुणांनीं. आज चेहरा जें काम करतो, तें तेथें पुष्कळ अंशीं सुगंध करीत असे.

अंगाला अत्तर लावण्याची तेथें चाल नव्हती. राखेखालीं पुरलेल्या निखाऱ्याच्या ऊबेवर धुपाची गोळी ठेवीत, वर बांबूची जाळीदार टोपली पालथी घालीत, आणि तिच्यावर रेशमी वस्त्रें पसरून ठेवीत. आपल्याकडे बाळंतिणीच्या केसांना व बाळाच्या दुपट्यांना धुरी देतात, तसाच हा प्रकार होता. भेद हेतूचा होता. आपली धुरी आरोग्यासाठीं. जपानी दरबारी माणसाची धुरी आपली ओळख दुसऱ्याच्या मनावर उमटविण्यासाठीं.

या धुपांचे सहा मुख्य प्रकार ठरले होते आणि त्यांना ऋतूंचीं नांवें जोडलेलीं होतीं. वसंताचा 'बाइका' हा उमे नांवाच्या झाडाच्या फुलावरून, उन्हाळ्याचा 'कायो' हा कमळाच्या पानावरून. 'किक्का' शेवंतीवरून, 'राकुयो' गळणाऱ्या पानांवरून. 'जिजू' हें नांव दरबारांतील एका अधिकाऱ्याच्या हुद्द्याचें. सहावा प्रकार हिवाळ्याचा, 'कुरोबो'. या नांवाचा अर्थ 'काळी कृति'. रंग काळा, वास खोल व गंभीर. त्यांत अगरूचा भाग सर्वांत मोठा. त्याशिवाय लवंग, समुद्रांतील एका शंखाचें झांकण, चंदन, कुंदुरू आणि कस्तुरी. हीं द्रव्यें कुटून वस्त्रगाळ करावयाचीं, मधांत मळावयाचीं, गोळ्या वळून भांड्यांत भरावयाच्या, आणि भांडें पाण्याजवळच्या ओल्या जमिनींत पुरून मुरूं द्यावयाचें, अशी ही कृति होती.

ही यादी मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीं. शंखाचें तें झांकण म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांचा व गांध्यांचा नखला. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यांत नख व अगरू यांसारखीं द्रव्यें तर आहेतच, पण सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० मिश्रणें होतात, हें गणितही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील एका हस्तलिखितांत गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' असे दोन ग्रंथ आहेत. 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. त्या संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं या हस्तलिखिताकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. गंध कुटणारा व त्यावर आपल्या भाषेंत लिहिणारा माणूस महाराष्ट्रांतही होता, हें त्यावरून कळतें. जपानी लोकांनीं द्रव्यें बाहेरून आणलीं, धूप जाळण्याची मूळ कल्पनाही बाहेरूनच घेतली. परंतु त्या धुपांत माणसाचा स्वभाव वाचण्याची जी रीत त्यांनीं वाढविली, ती त्यांची स्वतःची.

कुरोबो पुरुषांचा कीं स्त्रियांचा, असा प्रश्न त्या दरबारांत कोणी विचारला असता तर तो चमत्कारिक वाटला असता. बाराव्या शतकांत धुपांच्या कृतींचा एक संग्रह तयार झाला. त्यांत एकाच धुपाच्या अनेक कृति निरनिराळ्या व्यक्तींच्या नांवांनीं दिल्या आहेत, आणि त्या व्यक्तींत पुरुष आहेत तशा स्त्रियाही आहेत. अमक्या राजपुत्राची लवंग अधिक, तमक्या बाईची कस्तुरी कमी, अशा सूक्ष्म फरकांवर त्यांचा अभिमान अवलंबून असे. कृति घराण्यांत गुप्त ठेवीत. नवव्या शतकांत निन्म्यो नांवाचा सम्राट् होऊन गेला. त्याच्याजवळ कुरोबो व जिजू यांच्या दोन खास कृति होत्या. त्या पुरुषांना शिकवूं नयेत, अशी त्यानें ताकीद दिली होती, असें जुने टीकाकार सांगतात. एका सम्राटानें आपली काळी कृति मुलींच्या हातीं सोपवावी आणि मुलांना ती वर्ज्य करावी, ही गोष्ट आजच्या कल्पनांशीं ताडून पाहण्याजोगी आहे.

ही ताकीद मोडण्याची गोष्ट मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरींत येते. मुरासाकी ही सम्राज्ञीच्या पदरीं असलेली एक विदुषी. तिचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या आरंभीं लिहिला गेला. त्याचे चौपन्न भाग आहेत. आर्थर वेली या इंग्रज पंडितानें १९२५ ते १९३३ या काळांत त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून जगभर त्याची कीर्ति झाली. कथेचा नायक गेंजी हा एका सम्राटाचा पुत्र. त्याच्या मुलीचा राजवाड्यांत प्रवेश व्हावयाचा आहे. त्या निमित्तानें तो कोठारांतून जुनीं व नवीं सुगंधी द्रव्यें काढून आपल्या परिचयाच्या स्त्रियांकडे पाठवितो आणि प्रत्येकीनें दोन-दोन धूप करावे, अशी विनंती करतो. स्वतः तो एका बाजूच्या दालनांत बसून निन्म्योच्या त्या दोन वर्ज्य कृति सिद्ध करूं लागतो. त्या याच्या कानीं कशा आल्या कोण जाणे, असें लेखिका हळूच विचारते. त्याची पत्नी दुसऱ्या दालनांत, पडद्याआड, आपली निराळी कृति करते. पतिपत्नी एकमेकांना पत्ता लागूं देत नाहींत.

स्पर्धेचा दिवस दुसऱ्या महिन्यांतला, दहाव्या तिथीच्या सुमाराचा. पाऊस भुरभुरतो आहे, अंगणांत तांबडी उमे फुललेली आहे. ओल्या हवेंत वास चांगला उमटतो, म्हणून परीक्षा त्याच संध्याकाळीं ठरते. गेंजीचा बंधु राजपुत्र होतारू परीक्षक होतो. वाड्यांतील ओढ्याच्या कांठीं पुरलेलीं भांडीं उकरून आणतात. आसागाओ नांवाच्या राजकन्येकडून अगरूच्या लाकडाची पेटी आलेली आहे. आंत कांचेचीं दोन पात्रें, गडद निळ्यावर पाइनची डहाळी आणि पांढऱ्यावर उमेची, आणि दोहोंत मोठ्या वळलेल्या गोळ्या.

आतां एकेकीचा स्वभाव धुरांतून प्रकट होऊं लागतो. आसागाओ ही आयुष्यभर गेंजीच्या प्रेमयाचनेला नकार देत आलेली, एकटी व मानी स्त्री. तिचा कुरोबो शांत, खोल व संयमी ठरतो. गेंजीचा जिजू लाघवी व मनाला ओढून घेणारा. तो स्वतः तसाच आहे. त्याच्या पत्नीचा बाइका उजळ, नव्या धर्तीचा, त्यांत थोडी तीक्ष्णता. उन्हाळी महालांत राहणारी एक सौम्य बाई आहे. इतक्या जणींच्या चढाओढींत आपण कशाला, म्हणून तिनें कमळपानाचा एकच धूप केला आहे, आणि तोही तिच्यासारखाच मृदु. आकाशीची बाई ही प्रांतांतून आलेली. मोठ्या घरच्या स्त्रियांशीं त्यांच्याच धुपांत बरोबरी करूं गेल्यास आपण मागें पडूं, हें ओळखून तिनें ऋतूंचे धूप टाळले आणि वस्त्रांना देण्याचा एक अगदीं निराळा सुगंध पाठविला. बुद्धि व सावधगिरी हेंच तिचें सर्व आयुष्य.

परीक्षक प्रत्येकाची स्तुति करतो आणि कोणालाच पहिला क्रमांक देत नाहीं. धुरानें आपलें नाक चालेनासें झालें, अशी तक्रार तो करतो. गेंजी त्याला थट्टेनें लबाड न्यायाधीश ठरवितो. या निकालांत शहाणपण आहे. आसागाओच्या अबोल काळ्या धुपाची आणि दुसरीच्या वासंतिक धुपाची तुलना करणें म्हणजे दोन माणसांची तुलना करणें होय, आणि तसा निकाल सभ्य मनुष्यानें देऊं नये. येथें एक गोष्ट स्पष्ट होते. हे सुगंध स्वभाव सांगूं शकले, कारण ते त्या त्या व्यक्तीनें आपल्या हातानें केले होते. किती कुटावें, किती मध घालावा, कस्तुरीचा मोह कोठें आवरावा, याचा निर्णय प्रत्येकीनें एकटीनें, पडद्याआड बसून घेतला होता. माणसाच्या निवडीमागें माणूस दिसतो, तसा तो त्या धुरामागें दिसला.

त्याच काळांतील दुसरी विदुषी सेइ शोनागोन. तिच्या 'माकुरा नो सोशी' या स्फुट लेखांच्या ग्रंथांत मन प्रफुल्लित करणाऱ्या गोष्टींची एक टीप आहे. केस धुवावे, मुखशृंगार करावा आणि उत्तम धुपाचीं वस्त्रें ल्यावीं. पाहणारें कोणी नसलें तरी अंतःकरण उल्हसित होतें, असें ती सांगते. सुगंध दुसऱ्यासाठीं असतो, ही समजूत या एका नोंदीनें दुरुस्त होते. एकांतांतही माणूस स्वतःच्या मनांतील एका चित्राशीं जुळवून घेत असतो; आणि तें चित्र त्याचा स्वभाव घडविण्यास थोडेंबहुत साह्य करतें.

येथपर्यंत सर्व गोड आहे. पण मुरासाकी शिकिबू येथें थांबली नाहीं. गेंजीच्या मृत्यूनंतरच्या भागांत तिनें दोन तरुण उभे केले. एकाचें नांव काओरू, दुसऱ्याचें निओउ; दोन्ही नांवांचा अर्थ सुगंधाशींच निगडित. काओरूच्या अंगाला जन्मतःच असा परिमळ आहे कीं त्याला धूप लागतच नाहीं. तो गेंजीचा पुत्र म्हणून मान्यता पावलेला, पण त्याचा जन्म दुसऱ्याच पुरुषापासून. ही शंका त्याला लहानपणापासून पोखरते आहे. तो विरक्तीच्या गोष्टी बोलतो, धर्मग्रंथ वाचतो, आणि कोणताही निर्णय वेळेवर करीत नाहीं. निओउ हा गेंजीचा नातू, राजपुत्र. काओरूच्या देहसुगंधाची त्याला ईर्षा वाटते. म्हणून तो रात्रंदिवस आपल्या वस्त्रांना उत्तमोत्तम धूप देतो, आणि बागेंतही सुवासिक फुलझाडेंच जतन करतो. एकाचा सुगंध जन्माचा, दुसऱ्याचा मेहनतीचा; पण अंधारांत दोघांत फरक करणें कठीण.

काओरूनें उकिफुने नांवाची एक निराधार तरुणी राजधानीबाहेर उजी नदीच्या कांठच्या घरीं आणून ठेविली आहे. ती थोर पित्याची, पण पित्यानें न स्वीकारलेली मुलगी.  निओउला तिचा सुगावा लागतो. एका रात्रीं तो उजीला जातो, दाराशीं उभा राहतो, आणि काओरूसारखा आवाज काढून आंत घेण्यास सांगतो. वाटेंत आपली दुर्दशा झाली आहे, कोणी पाहूं नये, दिवा दूर कर, असें तो दासीला बजावतो. दासीचें नांव उकोन. ती प्रामाणिक आहे. आवाज ओळखीचा वाटतो, पोशाख उंची आहे, आणि वस्त्रांचा सुगंध काओरूच्या सुगंधाहून तसूभरही उणा नाहीं. ती दिवा दूर सारते आणि दार उघडते. आंत आलेला पुरुष दुसराच आहे, हें उकिफुनेला कळतें तेव्हां फार उशीर झालेला असतो.

दरबाराचा सर्व व्यवहार ज्या खुणेवर उभा होता, ती खूण येथें फसली. आणि तिची किंमत खूण लावणाऱ्यानें दिली नाहीं, जिला ती ओळखावयाची होती तिनें दिली. पुढें दोघांच्या ओढाताणींत सांपडून उकिफुने नदींत जीव देण्यास निघते. एक वृद्ध धर्मगुरु तिला झाडाखालीं निपचित पडलेली पाहतो व वांचवितो. ती केस उतरवून भिक्षुणी होते. काओरूला ठिकाण कळतें. तो तिच्या लहान भावाबरोबर पत्र पाठवितो. ती ओळख देत नाहीं. कादंबरी येथेंच संपते.

त्यापूर्वीं एक लहानसा प्रसंग आहे. वसंताच्या पहाटे मठाच्या अंगणांत तांबडी उमे फुलते. तिच्या वासानें भिक्षुणी झालेल्या उकिफुनेला एका पुरुषाच्या बाहीचा सुगंध आठवतो. तो कोणाचा, हें लेखिका सांगत नाहीं. काओरूचा कीं निओउचा, यावर पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. सुगंधाची आठवण राहिली आणि माणसाचें नांव पुसून गेलें, इतकें मात्र निश्चित.

हेइआनच्या दरबाराचें वैभव गेलें व सत्ता योद्ध्यांच्या हातीं आली, तरी अगरूचा मान कमी झाला नाहीं. पंधराव्या शतकापासून धूप हुंगण्याचा एक विधीच बनला. त्याला जपानी भाषेंत 'सुगंध ऐकणें' म्हणतात. बोलणें बंद करून, एक छोटें पात्र तळहातावर घेऊन, ऐकावें तसें लक्ष देऊन तो सुगंध घ्यावयाचा असतो. योद्धेही यांत मागें नव्हते. १६१५ मध्यें ओसाकाच्या लढाईंत किमुरा शिगेनारी हा तरुण सरदार पडला. रणांत जाण्यापूर्वीं त्यानें शिरस्त्राणाला धूप दिला होता आणि त्याचें मस्तक शत्रूपुढें आणलें तेव्हां त्याच्या केसांतून तो सुगंध येत होता, अशी कथा सांगतात. आपलें शिर परक्याच्या हातीं जाणार हें ठरल्यावरही तें नीटनेटकें असावें, ही त्याची इच्छा. ज्या धुपानें प्रणयी राजपुत्र नटत, त्याच जातीच्या धुपानें हा वीर मरणाला सजला.

नारा येथील शोसोइन या प्राचीन राजकोषांत 'रान्जाताइ' नांवाचा अगरूचा एक ओंडका आजही जपून ठेविलेला आहे. त्याची लांबी १५६ सेंटिमीटर, वजन ११.६ किलो. त्याच्यावर तीन ठिकाणीं कागदाच्या चिठ्या लावलेल्या आहेत. १४६५ मध्यें आशिकागा योशिमासा यानें, १५७४ मध्यें ओदा नोबुनागा यानें आणि १८७७ मध्यें सम्राट् मेइजी यानें जेथून तुकडा काढला, त्या त्या जागेच्या या खुणा. योशिमासा कलाप्रेमी पण दुबळा शासक. त्यानें तुकडा काढल्यावर दोनच वर्षांत राजधानीच युद्धांत होरपळूं लागली. नोबुनागा अर्धा देश तलवारीनें जिंकणारा. मेइजीच्या नांवानें नवा जपान ओळखला जातो. तिघांचे स्वभाव भिन्न, काळ भिन्न. लाकूड एकच, आणि जळतांना त्याचा वासही एकच. हातानें केलेला धूप स्वभाव सांगे. अधिकारानें कापून घेतलेला तुकडा घेणाऱ्याचा अधिकारच तेवढा सांगतो.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत फुलांचे वास स्त्रियांचे व साबणाचे, कोलोनपाण्याचे वास पुरुषांचे, अशी वाटणी रूढ होत गेली, आणि दुकानांबरोबर ती जगभर पसरली. १९९४ मध्यें अमेरिकेंतील कॅल्विन क्लाइन यांच्या पेढीनें 'सीके वन' हें अत्तर स्त्री-पुरुष दोघांसाठीं म्हणून विक्रीस काढलें, तेव्हां ती मोठी नवलाई ठरली. २००७ मध्यें टॉम फोर्ड यांचें 'ऊद वुड' निघालें व अगरूचा गडद वास पाश्चात्य स्त्री-पुरुषांच्या कपाटांत शिरला. या बाटल्यांवरून वापरणाराचा स्वभाव सांगण्याची हौसही वाढली आहे. गडद वास आवडणारा मनुष्य गूढ, निश्चयी व एकांतप्रिय असतो, असें कोणी छातीठोकपणें सांगतात. आसागाओचा कुरोबो पाहिला म्हणजे हें खरें वाटतें. निओउची बाही आठवली म्हणजे शंका येते. बाटलींतील सुगंध तर दुसऱ्यानेंच केलेला असतो; विकत घेणारा फार तर आपण कसें दिसावें याची इच्छा व्यक्त करतो.

इकडे ज्या झाडावर हा सर्व डोलारा उभा आहे, तें अरण्यांतून नाहींसें होत चाललें आहे. जखमी झाड कोणतें हें बाहेरून सहज कळत नाहीं, म्हणून लाकूडतोड्ये निरोगी झाडेंही पाडतात. आसामकडील अगरूच्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून परवान्याच्या नियमाखालीं आणावा लागला, आणि २००५ पासून इतर सर्व जातींनाही तो नियम लागू झाला. आतां लागवडीच्या झाडांना मुद्दाम भोंकें पाडून राळ मिळवितात.

आवाजीच्या कोळ्यांनीं तें लाकूड ओळखलें नव्हतें. तें जळूं लागल्यावर त्यांना कळलें. उकोन दासीनें वस्त्राचा सुगंध ओळखला आणि माणूस मात्र ओळखला नाहीं. या दोन हकीकतींच्या मध्यें जपानी दरबाराचा चारशें वर्षांचा सुगंधाचा इतिहास सामावला आहे. सुगंधावरून माणसाची रुचि कळते, त्याचे कष्ट कळतात, कधीं त्याची आकांक्षाही कळते. त्याचें शील कळावयाचें तर दार उघडण्यापूर्वीं दिवा जवळ आणावा लागतो.